एका वाक्याची कथा

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तेव्हा ती कथा कोणाला समजावून सांगावी लागली नाही. ती घरोघर ठाऊक होती. पुढे सामाजिक बोलपट आले आणि ‘यात आहे तरी काय?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे भाग पडले.

१९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’ घ्या. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो काढला. ‘जरठ-कुमारी विवाहाची अनिष्टता’ असे म्हटले, तर तो विषय झाला; कथा नव्हे. देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकाचा विषयही तोच. परंतु शारदेचे लग्न दुसऱ्यांनी थांबवावे लागते. ‘कुंकू’तील नीरा मात्र, फसवून ज्याच्याशी लग्न लावले त्या वृद्ध विधुराला पती मानण्यास स्वतःच नकार देते.

व्यक्ती कोण, तिच्यावर प्रसंग कोणता आणि ती करते काय, एवढे वाक्यात आले की पुरे. शेवट सांगू नये. अडतीस वर्षांत विषय तोच राहिला, क्रियापद बदलले. आणि त्या बदलात आपल्या समाजाचा इतिहास आहे. छावणीतील ज्या तरुणांना पटकथा लिहावयाची असेल, त्यांनी प्रथम आपले क्रियापद तपासावे.