खाडीकांठची मोजदाद

एखाद्या भूमीचा उपयोग काय, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं शास्त्रज्ञांचा वाटतो. परंतु नवी मुंबईच्या गेल्या साठ वर्षांकडे पाहिलें म्हणजे तो नागरिकांचाहि आहे, असें आम्हांस दिसून येतें.

ह्या नगराची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्या त्रयीनें १९६५ सालीं 'मार्ग' ह्या नियतकालिकांतून लोकांपुढें मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडील ९५ गांवें नियोजित नगराच्या कक्षेंत आलीं. नकाशावर जी भूमि रिकामी दिसत होती, तींत वस्तुतः भातखाचरें, मिठागरें व खाजणें होतीं. आगरी-कोळी कुटुंबांचें पोट त्यांवर चालत होतें. मोबदल्याचा हिशेब क्षेत्रफळावर झाला. भरतीबरोबर येणाऱ्या मासळीस त्यांत रकाना नव्हता. हा असंतोष पुढें किती पेटला, हें जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनानें दाखविलें. गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूमि परत देण्याची योजना त्याच लढ्याचें फळ होय.

त्याच १९८४ सालीं अमेरिकेंत रॉजर उलरिख ह्या संशोधकाचा एक लहानसा निबंध 'सायन्स' पत्रांत आला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तेवीस जोड्यांची त्यानें तुलना केली होती. ज्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांहून लवकर घरीं गेले. हिरवळीचा लाभ मोजतां येतो, ही गोष्ट ह्या निबंधामुळें विद्वानांच्या चर्चेंत रुजली.

नवी मुंबईंत असा लाभ प्रथम अभियंत्यांनीं ओळखला, पण पाण्याच्या रूपानें. भराव घातलेला पुष्कळ भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीं आहे. म्हणून धारण-तलाव खोदण्यांत आले. भरतीच्या वेळीं दारें मिटतात, पावसाचें पाणी तलावांत थांबतें, आणि ओहोटी लागली कीं खाडींत जातें. कालांतरानें ह्यांतील कांहीं तलावांत गाळ साचला, तिवरें वाढलीं, पक्षी आले. गाळ काढावा कीं तिवरें राखावीं, असा नवाच पेंच उत्पन्न झाला.

येथेंच सामान्य रहिवासी पुढें आले. नेरूळ व सीवूड्सच्या पाणथळींवर दुर्बीण व वही घेऊन सकाळीं उभें राहणारे हे लोक व्यवसायानें पक्षीतज्ज्ञ नव्हते. कोणत्या महिन्यांत रोहित पक्षी आले, भरतीला कोठें विसावले, ह्याच्या नोंदी त्यांनीं ठेवल्या. खाडीचा चिखल भरतीनें झांकला म्हणजे ह्या पक्ष्यांस उथळ आश्रय लागतो. तो नाहींसा झाला तर खाडी राखूनहि उपयोग नाहीं, हें अशा नोंदींतूनच उमगतें. नेरूळच्या पाणथळीवरील गोल्फ मैदान व गृहसंकुल ह्यांच्या योजनेविरुद्ध रहिवासी न्यायालयांत गेले, आणि २०१८ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. पुढें तो वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. २०२२ सालीं ठाणे खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला. २०२४ सालीं नेरूळच्या एका जलाशयांत भरतीचें पाणी येण्याची वाट अडली, तेव्हां ओरड रहिवाशांनींच केली. २०२५ सालीं राज्य वन्यजीव मंडळानें तो जलाशय राखीव करण्यास मान्यता दिली.

ह्या यशाबद्दल आम्हांस आनंद वाटतो. तथापि एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जो लाभ कागदावर येत नाहीं, तो नाहींच असें धरलें जातें, हा ह्या इतिहासाचा धडा आहे. पक्ष्यांची मोजदाद झाली, म्हणून पक्ष्यांचा पक्ष मांडतां आला. परंतु सारसोळे, दिवाळें येथील कोळी बांधवांस खाडीचें जें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, तें अजून बहुतांशीं तोंडींच आहे. कोणती मासळी कोणत्या तिथीस कोणत्या नाळेंत शिरते, तिवरें तुटल्यावर काय उणें झालें, हेंहि संशोधनच होय. वसाहतींतील वहीधारी गृहस्थ आणि होडींतील कोळी एका पानावर लिहूं लागतील, तेव्हांच ही मोजदाद साऱ्या नगराची होईल. नाहीं तर १९७० च्या नकाशावरील रिकामी जागा आमच्या नव्या वह्यांतहि तशीच रिकामी राहील.