मैदानाचे अंतर

खेळाचा इतिहास लिहिताना आपण जिंकणाऱ्याचे नाव, धावा, गोल आणि साल टिपतो. प्रेक्षक या नोंदीत आलाच तर एका आकड्याच्या रूपाने येतो, किंवा 'प्रचंड गर्दी' या दोन शब्दांत आटोपतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही उणीव लगेच जाणवावी. ग्रंथाचा वाचक कोण होता, त्याच्या हाती पुस्तक कसे पडले, हे प्रश्न आपण वाङ्मयेतिहासात आता सवयीने विचारतो. मग अजिंक्यपदाच्या सामन्याला कोण आले, कोठून आले आणि सामना संपल्यावर घरी कसे परतले, हे का विचारू नये? येरवड्यासारख्या पुण्याच्या पूर्वेकडच्या टोकावरून पाहिले की हा प्रश्न अधिकच ठळक होतो, कारण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या शहराची मोठी मैदाने एकामागून एक पश्चिमेकडे सरकत गेली आहेत.

येरवड्याला अंतराची ओळख जुनी आहे. पुण्याचे सरकारी महाविद्यालय १८६८ मध्ये नदीपलीकडच्या या माळावर नव्या दगडी इमारतीत आले आणि डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आले. पेठांतून रोज तेथे जाणे सोपे नव्हते. साहजिकच विद्यार्थी वसतिगृहात राहत. टिळक-आगरकरांच्या ज्या चर्चांमधून पुढच्या शिक्षणसंस्थांचा विचार आकाराला आला, त्या याच आवारातल्या. पण त्या दोघांच्या पिढीने १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय काढले ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात, म्हणजे पेठेतल्या मुलाला पायी पोचता येईल अशा जागी. संस्था कोठे उभी राहते यावरून तिचे लोक कोण हे बरेचसे ठरते, एवढा धडा या दोन पत्त्यांतून मिळतो. मैदानाचेही असेच आहे.

महाराष्ट्रात स्पर्धेची जुनी रीत मात्र वेगळी होती. जत्रेतला कुस्त्यांचा फड हे तिचे उत्तम उदाहरण. लोक देवाला येत. पालखी, नैवेद्य, बाजार, तमाशा हे सारे झाले की शेवटच्या दिवशी हलगी कडाडे आणि आखाडा भरे. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत माणूस हलत नसे. या व्यवस्थेत प्रेक्षकाला खेळासाठी वेगळा प्रवास करावा लागत नव्हता. गर्दी आधीच जमलेली असे आणि आखाडा तिच्याकडे जाई. आधुनिक स्पर्धेने हा क्रम उलटा केला. आधी मैदान बांधायचे, तारीख जाहीर करायची, तिकीट लावायचे आणि मग लोकांना बोलवायचे. अंतराचा प्रश्न या उलटापालटीतून जन्मला, असे आम्हांला वाटते.

या नव्या क्रमातही जुन्याचे भान राखणारा एक राज्यकर्ता आपल्याकडे होऊन गेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. कोठेही बसले तरी आखाडा दिसावा अशी त्याची उतरती रचना वाखाणली जाते. तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागेची निवड. मैदान वेशीबाहेर गेले नाही, तालमींच्या शेजारी राहिले. कोल्हापूरच्या फुटबॉलचा प्राण याच निकटतेत आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या नावांपुढे अजून 'तालीम मंडळ' लागते. संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की दोन पेठा चालत मैदानात येतात आणि चालतच परततात. देशाच्या फुटबॉलमध्ये कोल्हापूरचा दर्जा कोणता, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. भारतातल्या कित्येक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा अशी गर्दी या स्थानिक सामन्यांना होते.

मुंबईत पेठेचे काम रेल्वेने केले. १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले. वर्षातला एक सामना मुंबईत तर एक पुण्यात, अशी बहुधा वहिवाट होती. पावसाळ्यात सरकारचा मुक्काम पुण्यात असे, त्यामुळे खेळ सरकारामागून आला. पुढे हिंदू, मग मुस्लिम संघ आले, १९१२ मध्ये स्पर्धा चौरंगी झाली आणि तिचे केंद्र मुंबईत स्थिरावले. जिमखान्याचे मैदान बोरीबंदर आणि चर्चगेट या स्थानकांपासून हाकेच्या अंतरावर होते. गिरगावातला कारकून, दादरचा विद्यार्थी, गिरणगावातला कामगार यांना तेथे पोचणे आवाक्यातले होते. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले तेही चर्चगेटशीच. त्या वर्षी आसनांच्या वाटपावरून मतभेद झाला आणि हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले. आसनांचाच वाद पुढे मुंबई क्रिकेट संघटनेला स्वतःचे मैदान बांधण्यापर्यंत घेऊन गेला. १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवर पहिली कसोटी झाली. या वादांचा अर्थ नीट पाहायला हवा. लोक येणार याची खात्री असते तेथेच खुर्च्यांसाठी भांडण होते. गावाबाहेरच्या मैदानांविषयीच्या तक्रारी वाहनतळ आणि रस्ता यांच्याच असतात.

जवळिकीचे हे चित्र रंगवताना एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. मैदान जवळ असले म्हणजे सर्वांना सारखेच जवळ असते असे नाही. पळवणकर बाळू हा त्या काळचा अव्वल डावखुरा गोलंदाज. पुण्यातल्या क्लबात तो मैदानाची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. हिंदू संघात त्याला घेतले ते त्याच्या गोलंदाजीवाचून चालेना म्हणून. पण चहाच्या वेळी त्याला चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या भांड्यात. सहखेळाडूंपासून त्याचे अंतर काही पावलांचे होते आणि ते कोणत्याही आगगाडीने कमी होण्यासारखे नव्हते. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना जो पुणे करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांत याच बाळूचे नाव आहे. मैलांत मोजले जाणारे अंतर आणि समाजाने राखलेले अंतर या दोन गोष्टी आहेत. खेळाच्या इतिहासकाराला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

आता पुण्याकडे येऊ. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम हे दीर्घकाळ शहराचे क्रिकेटचे मैदान होते. १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते येथेच. जवळच एसटीचे मोठे स्थानक आणि शहर बसचा तळ असल्याने भोर-सासवडचा प्रेक्षकही संध्याकाळची गाडी धरून घरी जाऊ शके. येरवड्यापासून हे मैदान सातआठ किलोमीटरवर. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीत शिवछत्रपती क्रीडानगरी उभारली गेली. येरवड्यापासूनचे अंतर पंधराएक किलोमीटर झाले. २०१२ मध्ये द्रुतगती मार्गालगत गहुंज्याचे क्रिकेट मैदान खुले झाले आणि तेच अंतर तिसेक किलोमीटरवर गेले. प्रत्येक वेळी इमारत अधिक देखणी झाली, आसने वाढली, सोयी सुधारल्या. पण पायी येणारा प्रेक्षक आधी गळाला, मग बसने येणारा, आणि शेवटी स्वतःचे वाहन असणारा, किंवा मित्राच्या वाहनात जागा मिळणारा तेवढा उरला. रात्री अकराच्या सुमारास सुटणाऱ्या सामन्याहून महामार्गावरून घरी यायचे, तर शाळकरी मुलगा, म्हातारा माणूस किंवा एकटी स्त्री यांना तो बेत आखणेच कठीण. यांना कोणी मनाई केली नव्हती. रस्त्यानेच त्यांना वगळले.

फुटबॉलच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. २०१४ पासून बालेवाडीत खेळणारा पुण्याचा व्यावसायिक संघ २०१९ मध्ये बंद झाला आणि स्पर्धेतली त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. संघ बुडण्याची कारणे अनेक असतात; सारा दोष अंतरावर टाकणे बरोबर नाही. तरी या शहरात फुटबॉल जेथे मुरला होता ती खडकी, कॅम्प, येरवड्याची बाजू आणि संघाचे मैदान यांच्यामध्ये सबंध शहर पसरलेले होते, ही वस्तुस्थिती दुर्लक्षण्याजोगी नाही. कोल्हापुरात पेठेला संघ होता. येथे संघाला पेठच मिळाली नाही.

याच्या उलट वाटावा असा एक प्रसंग गहुंज्यातच घडला. २०१८ च्या एप्रिलमध्ये कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले आणि चेन्नईच्या आयपीएल संघाचे घरचे सामने पुण्याला हलवण्यात आले. तेव्हा चेन्नईहून सुमारे हजारभर चाहते खास आगगाडीने हजाराहून अधिक किलोमीटर प्रवास करून आले, आणि ते मैदान काही तास पिवळे झाले. म्हणजे अंतर निरर्थक ठरले काय? आमच्या मते नाही. ती गाडी संघाने पुरवली होती. आपलेपण तर होतेच, पण अंतराची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली होती, म्हणून ते आपलेपण मैदानापर्यंत पोचू शकले. त्याआधी दोन वर्षे, २०१६ मध्ये, दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. मुंबईचा अंतिम सामना बंगळूरला गेला आणि बंगळूरचाच संघ अंतिम फेरीत पोचला. तटस्थ म्हणून ठरलेली लढत एका संघाच्या अंगणात झाली. तो संघ हरला, हा खेळाचा भाग. पण जागा बदलली की प्रेक्षक बदलतो आणि सामन्याचे स्वरूपही बदलते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

तटस्थ मैदान हवे की घरचे, हा वाद अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही जुना आहे. तेथल्या दुसऱ्या स्तराच्या अजिंक्यपदाचा सामना १९९२ ते १९९६ ही पाच वर्षे हंटिंग्टन या गावी, मार्शल विद्यापीठाच्या मैदानावर झाला. त्यांपैकी चार अंतिम सामन्यांत मार्शलचाच संघ होता आणि प्रेक्षकसंख्या तीस हजारांच्या आसपास असे. १९९७ पासून सामना चॅटनूगा या तटस्थ शहरी गेला, तेव्हा ती बरीच खाली आली. २००५ पासून सलग तीन वर्षे ॲपलाचियन स्टेट हा मोटारीने येता येईल अशा टापूतला संघ अंतिम फेरीत आला आणि आकडा पुन्हा वीस हजारांच्या पुढे चढला. मैदान तेच, आसने तीच. प्रेक्षकांची घरे तेवढी जवळ आली होती. अव्वल स्तराच्या स्पर्धेतही २०२४ च्या हंगामापासून पहिल्या फेरीचे सामने वरच्या मानांकनाच्या महाविद्यालयांच्या आवारात होऊ लागले.

आपल्या संतोष करंडकाने हाच पाठ लागोपाठच्या दोन स्पर्धांत गिरवला. २०२२ मध्ये केरळ आणि बंगाल यांचा अंतिम सामना मलप्पुरम जिल्ह्यातल्या मंजेरीला झाला. फुटबॉल हा तेथला लोकधर्मच, त्यामुळे मैदान ओसंडून वाहिले. पुढच्याच स्पर्धेचा अंतिम सामना कर्नाटक आणि मेघालय यांच्यात २०२३ च्या मार्चमध्ये सौदी अरेबियातल्या रियाधला खेळवला गेला. खेळाडूंना भव्य मैदानाचा अनुभव मिळाला, हे खरे. पण शिलाँगच्या चाहत्याने हा सामना पाहायला जायचे तरी कसे? राज्याराज्यांची स्पर्धा राज्यांतल्या माणसांवाचून पार पडली.

कुस्तीने मात्र फिरतेपण सोडलेले नाही. २०२३ या एकाच वर्षात महाराष्ट्र केसरीच्या लढती जानेवारीत कोथरूडला झाल्या आणि नोव्हेंबरात नगर रस्त्यावर, येरवड्याच्या पलीकडे लोणीकंदजवळच्या फुलगावी. आयोजनातले राजकारण, संघटनांतले तंटे हे सारे या फिरतीमागे असते. ते नाकारण्याचे कारण नाही. तरीही गदा गावोगाव जाते तेव्हा जत्रेतल्या फडाचा तो जुना क्रम पुसटसा का होईना, जिवंत राहतो. एखाद्या तालुक्याला आयुष्यात एकदा तरी अजिंक्यपदाची कुस्ती आपल्या मातीत पाहायला मिळते.

२०२४ पासून येरवड्याला मेट्रोचे स्थानक आहे. वनाज ते रामवाडी या तिच्या मार्गावर ना बालेवाडी लागते, ना गहुंजे. शहराच्या आराखड्यात मैदानाची जागा ठरते तेव्हा जमिनीचा भाव पाहिला जातो, क्षेत्रफळ पाहिले जाते, वाहनतळ आखला जातो. सामना संपल्यावर येरवड्याच्या लक्ष्मीनगरात किंवा वडगाव शेरीत राहणारा मुलगा कोणत्या गाडीने घरी येईल, हा प्रश्न त्या कागदावर नसतो. खेळाच्या इतिहासकाराने निदान आपल्या कागदावर तो लिहून ठेवावा. कारण उद्या कोणी 'पुणेकरांना खेळाची आवड नाही' असे रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणेल, तेव्हा त्या खुर्च्या कोठे मांडल्या होत्या हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर येणार आहे.