बाद पद्धतीचा तक्ता आणि प्रेक्षकाची वही

बुद्धिबळाच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक अडचण आरंभीच जाणवते. अशा स्पर्धेचा जो तक्ता मागे उरतो, तो टिकून राहिलेल्यांचा असतो. हिशेबात एखादी रक्कम बाद केली की ती पुढील बेरजेत येत नाही, तसेच बाद झालेल्या खेळाडूचे नाव पुढील रकान्यात येत नाही. परंतु स्पर्धा आवडीने पाहणाऱ्याच्या मनातून ते इतक्या सहज पुसले जात नाही. तक्ता आणि प्रेक्षकाची स्मृती ही दोन वेगळी साधने होत, आणि त्यांत किती अंतर पडते हे पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दिसून येते.

ही स्पर्धा १८५१ मध्ये, महाप्रदर्शनाच्या वर्षी, लंडनमध्ये भरली. हॉवर्ड स्टाँटन हे तिचे प्रमुख संयोजक आणि स्वतः स्पर्धकही होते. सोळा खेळाडूंच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आल्या. पहिल्या फेरीत दोन डाव जिंकणारा पुढे जाई. बरोबरीचे डाव जमेस धरले जात नसत. परिणाम असा झाला की, ब्रेस्लाउचे आडोल्फ आंडरसन आणि पॅरिसचे लिओनेल कीझेरिट्स्की हे दोघे नामांकित खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर आले आणि कीझेरिट्स्की बाद झाले. उलट, मार्मड्यूक वायविल हे पार्लमेंटचे सभासद तुलनेने सोप्या वाटेने अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. स्वतः स्टाँटन यांस आंडरसन यांनी हरविले, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी एलायजा विल्यम्स यांनीही. विल्यम्स एकेका खेळीस फार वेळ घेतात, अशी स्टाँटन यांची कडवट तक्रार होती. घड्याळ अद्याप पटाशेजारी आले नव्हते, म्हणून तक्रार निराधार म्हणता येत नाही. तथापि १८५२ मध्ये स्पर्धेचा ग्रंथ लिहिणारा हाच पराभूत संयोजक होता, ही गोष्ट साधनांची चिकित्सा करणाऱ्याने विसरू नये.

अंतिम विजय आंडरसन यांचा. परंतु त्या उन्हाळ्यातील जो डाव आज जगभर खेळून पाहिला जातो, तो स्पर्धेच्या तक्त्यात नाहीच. स्पर्धा चालू असताना, २१ जूनला, आंडरसन आणि बाद झालेले कीझेरिट्स्की हे सहज म्हणून खेळावयास बसले. आंडरसन यांनी एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला, व एक उंट आणि दोन घोडे एवढ्यांनिशी मात केली. हा डाव त्याच वर्षी छापला गेला तो कीझेरिट्स्की यांच्याच नियतकालिकात. हरलेल्याने स्वतःच्या हाराची अशी नोंद ठेवावी, हे त्या काळच्या भांडखोर बुद्धिबळविश्वात विशेषच म्हटले पाहिजे. पुढे त्यास ‘अमर डाव’ असे नाव पडले. कीझेरिट्स्की १८५३ मध्ये वारले.

चिठ्ठ्यांवर अवलंबलेली ही पद्धत अन्यायाची आहे, हे जाणकारांस लवकरच पटले. १८६२ च्या लंडन स्पर्धेत प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे असे ठरले, आणि साखळी पद्धत रूढ झाली. बाद पद्धत जागतिक विजेतेपदाच्या स्पर्धेत आली ती १८५१ नंतर जवळजवळ दीड शतकाने, १९९७ मध्ये, ग्रोनिंगन येथे. तेथे विश्वनाथन आनंद सर्व फेऱ्या पार करून जिंकले, आणि लगोलग जानेवारी १९९८ मध्ये लोझान येथे त्यांस थेट अंतिम सामन्यासाठी राखून ठेवलेल्या, ताज्या दमाच्या कार्पोव यांच्याशी खेळावे लागले. सहा डावांत बरोबरी झाली. जलद डावांत आनंद हरले. चिठ्ठ्यांचा अन्याय गेला, त्याच्या जागी दुसरा आला, एवढेच.

जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे झालेली महिला विश्वचषक स्पर्धा प्रस्तुत लेखकाने रोज रात्री वहीत डाव उतरवून घेत पाहिली. आता जोड्या मानांकनाने लागतात, तरीही पंधरावे मानांकन असलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी दुसऱ्या मानांकनाच्या जू जिनेर यांस बाद केले. उपान्त्यपूर्व फेरीत चार भारतीय खेळाडू होत्या, आणि त्यांपैकी दिव्या व हरिका द्रोणवल्ली एकमेकींसमोर. असा सामना पाहणे चाहत्यास सुखाचे नसते: ज्या खेळीने आनंद व्हावा, तिनेच आपले दुसरे माणूस बुडत असते. जलद डावांत हरिका बाद झाल्या. अंतिम सामन्यात कोनेरू हम्पी यांच्याशी दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला पहिला जलद डावही बरोबरीत गेला, आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्या यांनी जिंकला. ह्या विजयानेच त्यांस ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. हम्पी यांनी तो २००२ मध्ये, पंधराव्या वर्षीच, मिळविला होता.

त्या दिवसांची वही परवा पुन्हा चाळली. अंतिम सामन्यास तीन पाने आहेत. हरिका यांच्या सामन्यास सात.