टेलिफोनच्या तारेत मावलेले गाणे

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठाचे प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना एका प्रश्नाने पछाडले होते : टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवता येईल का? आयएसडीएन या नव्या डिजिटल जोडणीची क्षमता सेकंदाला १२८ किलोबिट. १९८२ साली आलेल्या सीडीला लागत १,४११. म्हणजे अकरा घागरींचे पाणी एका घागरीत बसवायचे. पेटंट तपासनिसाने ही गोष्ट अशक्य ठरवली.

त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी उपाय शोधला तो कानाच्या मर्यादेत. मोठ्या आवाजाच्या आड जवळच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो साठवावा कशाला? तत्त्व सोपे होते. पण सुझान वेगा यांच्या ‘टॉम्स डायनर’ने त्याची कसोटी पाहिली. साथीला एकही वाद्य नसलेला एकटा स्वर. दोष लपायला आडोसाच नाही. आरंभी तो स्वर पार विद्रूप झाला, आणि ब्रांडेनबुर्ग तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकत पद्धत सुधारत राहिले. एमपी३च्या कर्त्यांना ध्वनीची पर्वा नव्हती, हा समज म्हणूनच अन्यायाचा वाटतो.

१९९९ हे वर्ष मात्र ध्यानात ठेवावे. त्या वर्षी सोनी व फिलिप्स यांनी सीडीहून सरस ध्वनीची सुपर ऑडिओ सीडी आणली, आणि त्याच वर्षी नॅपस्टरवर एमपी३ची फुकट देवाणघेवाण सुरू झाली. श्रोत्यांचा कौल सर्वांना ठाऊक आहे. फुकटेपणा हे कारण खरेच. पण गणितही पाहावे. ५६ किलोबिटच्या मोडेमवर पाच मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जात उतरवायला दोन तासांहून अधिक वेळ, तर १२८ किलोबिटच्या एमपी३ला साडेअकरा मिनिटे. (आपल्याकडे पदपथावर मिळणाऱ्या दीडदीडशे गाण्यांच्या तबकड्या आठवतात?)

२००३ साली ॲपलच्या आयट्यून्स दुकानात गाणी विकत मिळू लागली. पद्धत अधिक प्रगत, एएसी. पण दर तोच, १२८ किलोबिट. पैसे मोजणाऱ्यांनीही तक्रार न करता ती घेतली.

२०२१मध्ये ॲपल म्युझिकने काहीही न गाळलेला ध्वनी जादा शुल्काविना देऊ केला. ॲपलच्याच बिनतारी एअरपॉड्सना तो ब्लूटूथवरून तसाच पोचवता येत नव्हता. त्यासाठी तारेचे हेडफोन हवे होते, आणि ते जोडण्याची खाच ॲपलने नव्या आयफोनवरून २०१६ सालीच काढून टाकली होती.