वेचलेली वचने, राखलेली नावे

वाचता वाचता एखाद्या ओळीपाशी थांबावे, ती उतरून घ्यावी आणि पुढे कुणाला तरी ऐकवावी, ही वाचकाची सवय ग्रंथांइतकीच जुनी आहे. संस्कृतात अशा वचनांना सुभाषित किंवा सूक्ती म्हणतात. त्यांच्या संग्रहांना कोश, पद्धती, मुक्तावली अशी नावे मिळाली. मराठी कीर्तनकारांनी आणि हौशी वाचकांनी अभंग, श्लोक, आर्या ज्या हस्तलिखित वह्यांत उतरून ठेवल्या, त्यांना बाडे म्हणतात. या संग्रहांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, वचने वेचणाऱ्याने केवळ स्वतःची आवड जपलेली नाही. कित्येक कवींचे नाव त्याच्यामुळेच उरले आहे. मात्र वचनापाशी कर्त्याचे नाव लिहिण्यात जेथे हयगय झाली, तेथे याच हौसेने मोठा गोंधळही करून ठेवला आहे.

महाराष्ट्राच्या वाङ्मयेतिहासाचा आरंभच मुळी एका संग्रहाने होतो. पैठणच्या सातवाहन कुळातील हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही माहाराष्ट्री प्राकृतातील गाथांची निवड आहे. एक कोटी गाथांतून सातशे वेचल्या, असे तो ग्रंथ स्वतःच सांगतो. आकडा अतिशयोक्तीचा असला, तरी ग्रंथाचे स्वरूप त्यावरून स्पष्ट होते. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी ही सप्तशती मराठी वाचकांपुढे आणली. त्या गाथांतील शेते, नद्या, सासुरवाशिणी आणि गावचे पाटील आपल्याला परिचित वाटतात. परंतु त्या रचणारे बहुतेक कवी मात्र अंधारातच राहिले. टीकाकारांनी गाथांपुढे कवींची नावे दिली आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. वचन राहिले आणि कर्ता निसटला, याचे हे आपल्याकडील पहिले उदाहरण म्हणता येईल.

याउलट दुसरे उदाहरण यादवकालीन देवगिरीचे आहे. राजा कृष्ण यादवाच्या पदरी गजदळाचा अधिकारी असलेल्या जल्हणाच्या नावे ‘सूक्तिमुक्तावली’ हा संस्कृत सुभाषितांचा संग्रह शके ११७९ मध्ये, म्हणजे इ. स. १२५७-५८ मध्ये, सिद्ध झाला. वैद्य भानू पंडिताने तो जल्हणासाठी रचला, असेही मानले जाते. या संग्रहात अनेक श्लोकांखाली कवीचे नाव आवर्जून दिलेले आहे. शिवाय राजशेखराने पूर्वसूरींच्या प्रशंसेसाठी रचलेले कित्येक श्लोक या संग्रहामुळे आपल्याला ज्ञात आहेत. विकटनितंबा, शीलाभट्टारिका यांसारख्या कवयित्रींचा एकही संपूर्ण ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचे जे काही उरले आहे, ते अशा संग्रहांतील मोजक्या श्लोकांच्या आणि इतरांनी केलेल्या उल्लेखांच्या रूपाने. पुढे २०२३ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासकांनी बदामीच्या चालुक्यांच्या एका ताम्रपटाच्या आधारे शीलाभट्टारिका ही दुसऱ्या पुलकेशीची कन्या असावी, असे मत मांडले. ते मत पुढे टिको अथवा न टिको, ताम्रपटातील नाव वाचताच अभ्यासकांना कवयित्रीची आठवण झाली, ती संग्रहकारांनी श्लोकापाशी तिचे नाव राखले होते म्हणून.

हा देवगिरीचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो बडोद्यास. सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० साली बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला, हे सर्वश्रुत आहे. त्याच विद्याप्रेमातून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघाली. तिचा पहिला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. तो राजशेखराचीच ‘काव्यमीमांसा’ होता. १९३८ साली याच मालेत ‘सूक्तिमुक्तावली’ आली. महाराष्ट्रात वेचलेली मौक्तिके सुमारे पावणेसातशे वर्षांनी महाराष्ट्राबाहेरील एका मराठी राजाच्या आश्रयाने पुन्हा ओवली गेली, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना अभिमानास्पद वाटावी अशीच आहे.

त्याच शतकात, त्याच यादवांच्या राज्यात, मराठीतही वचनसंग्रहाचे कार्य चालू होते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांना विचारून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केसोबासांनी चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा स्मरणातून ते पुन्हा उभे करावे लागले. त्या वेळी कोणाच्या आठवणीत कोणता पाठ होता याची नोंद महानुभावांनी नावानिशी ठेवली. हिराइसेचा पाठ त्यांतच प्रसिद्ध आहे. पाठभेद लपवून एकच पाठ खरा म्हणून मांडणे त्यांना सोपे होते. तसे त्यांनी केले नाही. मराठी गद्याच्या उषःकाली दिसणारी ही सचोटी आजच्या संशोधकालाही धडा देणारी आहे.

नावाची हयगय झाली म्हणजे काय होते, हे भर्तृहरीच्या शतकांवरून कळते. वामन पंडितांच्या मराठी रूपामुळे ही शतके महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. शतके तीन, म्हणून श्लोक तीनशेच्या आसपास असावेत अशी अपेक्षा. परंतु गोव्यात जन्मलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ३७७ हस्तलिखिते तपासून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा भर्तृहरीच्या नावावर आठशेंहून अधिक श्लोक जमा झालेले आढळले. त्यांपैकी निश्चितपणे मूळ संग्रहातील मानण्याजोगे केवळ दोनशे निघाले. ज्याला जो श्लोक आवडला, तो त्याने थोरांच्या खाती घातला. यात लबाडी नव्हती, उलट आदरच होता. पण त्या आदरापोटी कित्येक लहान कवी नामशेष झाले.

याच कोसंबींनी वा. वि. गोखले यांच्यासह १९५७ साली विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादिला. सुमारे ११०० साली जगद्दल विहारातील या बौद्ध पंडिताने सतराशेंवर श्लोक पन्नास व्रज्यांत लावले. त्याची प्रत राहुल सांकृत्यायनांना तिबेटातील मठात सापडली. त्यापूर्वी १९१२ साली याच कोशाचा खंडित भाग निराळ्या नावाने, संग्रहकाराच्या नावाविना छापला गेला होता. इतरांची नावे राखणाऱ्याचे स्वतःचेच नाव काही काळ हरवले होते.

मुद्रणाचे युग आल्यावर संग्रहांना बहर आला. परशुरामपंत गोडबोले यांच्या ‘नवनीत’ने १८५४ साली प्राचीन मराठी कवींचे वेचे कवीवार मांडले आणि कित्येक पिढ्यांची कवितेशी ओळख करून दिली. निर्णयसागरने काशिनाथ पांडुरंग परब यांचा ‘सुभाषितरत्नभांडागार’ हा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला. वक्त्यांना व शिक्षकांना त्याने अपार सामग्री पुरविली. मात्र त्यात श्लोक विषयवार लावलेले असून बहुसंख्य श्लोकांपाशी कवीचे नाव नाही.

आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज सकाळी सुविचार येतात. कोणतेही वाक्य कोणत्याही थोर पुरुषाच्या छायाचित्राखाली छापलेले असते. भर्तृहरीच्या बाबतीत जे घडायला शतके लागली, ते आता एका दिवसात घडते. यावर उतारा ग्रंथालयापाशीच आहे, कारण वचन मुळात कोठे आणि कोणत्या संदर्भात आले हे पडताळण्याची सोय तेथे असते. आवडलेली ओळ वहीत उतरविणाऱ्या सभासदाने तिच्याखाली ग्रंथाचे, कर्त्याचे नाव व पृष्ठांक एवढे लिहिले, तरी जल्हणाची परंपरा त्याने चालविली असे होईल. ती वही उद्या कुणाच्या हाती पडेल आणि तीतून कोणते विसरलेले नाव पुन्हा उजेडात येईल, हे आज कोणी सांगावे?