होडीच्या यंत्रातील एक जुनी झडप

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख आणि लढाया उभ्या राहतात. रोजच्या वापरातील लहानसहान वस्तूंनाही वंशावळ असते आणि ती ठाऊक नसल्यामुळे प्रसंगी आपले प्रत्यक्ष नुकसान होते, हे सहसा ध्यानात येत नाही. आम्हांस ही गोष्ट एका बंद पडलेल्या आऊटबोर्ड मोटरीने शिकवली.

मांडवीकाठी राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांनी घेतलेली, होडीच्या मागच्या फळीला अडकवण्याची एक जुनी मोटर होती. जात टू-स्ट्रोक, घडण अमेरिकन. कित्येक वर्षे कोठीत पडून राहिल्यावर ती सुरू होईना. एका कारागिराने प्रथम प्लग बदलला, मग कॉइल बदलली, दोहोंचे पैसे घेतले आणि शेवटी मोटर भंगारात देण्याचा सल्ला दिला. वडिलांची आठवण अशी वजनावर विकायला स्नेह्यांचे मन होईना. पुरावा न तपासता दिलेल्या निकालाविरुद्ध अपील करावे, ही आमच्या व्यवसायाची सवय. आम्ही गावातील एका वयोवृद्ध तांडेलांना बोलावणे पाठवले.

त्यांनी कोणताही भाग बदलला नाही; एकेक साक्षीदार क्रमाने तपासला. पहिली साक्ष ठिणगीची. प्लग काढून, तारेला जोडून, यंत्राच्या धातूला टेकवून दोरी ओढली. निळसर ठिणगी स्वच्छ पडली. दुसरी साक्ष दाबाची. प्लगच्या भोकावर अंगठा धरून दोरी ओढताच अंगठा उडाला. म्हणजे दट्ट्या आणि त्याच्या कड्या शाबूत होत्या. तिसरी साक्ष इंधनाची. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा होता, कार्ब्युरेटरच्या वाटीत ताजे पेट्रोल पोहोचत होते. तिन्ही साक्षी निर्दोष असूनही प्लग कोरडाच राहत होता. इंधन दारापर्यंत येत होते, घरात जात नव्हते. मग तांडेलांनी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी तळहात धरला आणि दोरी ओढवली. हात पेट्रोलच्या तुषारांनी ओला झाला. ते म्हणाले, "वकीलबाब, पळयात, वारें फाटीं येता."

वारे मागे का येते, याचे उत्तर इतिहासात आहे.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदा स्फोट होणारे यंत्र यशस्वी केले. दर दोन फेऱ्यांत एक स्फोट मिळवावा, ही कल्पना स्कॉटलंडच्या ड्युगल्ड क्लार्कने साकार केली. १८८१ साली त्यास पेटंट मिळाले. परंतु नवे मिश्रण आत ढकलण्यासाठी क्लार्कला एक वेगळे सिलिंडर जोडावे लागे. ही अडचण इंग्लंडातील बाथ शहरच्या जोसेफ डे याने दूर केली. दट्ट्याच्या खाली, क्रँक जेथे फिरतो ती पेटीच त्याने पंप म्हणून वापरली. दट्ट्या वर गेला की पेटीत पोकळी होऊन मिश्रण आत ओढले जाते. खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरात चढते. मात्र आत आलेले मिश्रण उलट बाहेर जाऊ नये म्हणून वाटेवर एक झडप हवी. डेच्या १८९१ च्या यंत्रात ती होती. पुढच्याच वर्षी त्याच्याकडील फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगाराने दट्ट्याच्या खालच्या कडेनेच वाट उघडमीट होईल अशी योजना करून झडपेचीही गरज संपवली.

आता हे यंत्र पाण्यावर कसे आले ते पाहू. १९०५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅमेरॉन वॉटरमन याने मोटरसायकलचे इंजिन होडीच्या मागे टांगून पाहिले. हे गृहस्थ येल विद्यापीठात शिकलेले आणि कायद्याचे अभ्यासक, हे नमूद करताना आम्हांस थोडा व्यवसायाभिमान वाटतो. पण या वस्तूला घरोघर नेले ते मिलवॉकीच्या ओले एविनरूड याने. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा कारागीर बालपणीच विस्कॉन्सिनमध्ये आला. वाग्दत्त वधू बेससाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेले आणि त्यातून मोटरीची कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. कथा काहीही असो, १९०९ साली विक्रीस आलेली त्याची मोटर दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंड वजनाची होती. वल्ही फेकून द्या, अशा आशयाची जाहिरात बेसनेच लिहिली. तिच्या प्रकृतीसाठी ओलेने पुढे आपला हिस्सा विकला, आणि पाच वर्षे या धंद्यात न पडण्याचा करार पाळून मग ॲल्युमिनियमची हलकी मोटर घेऊन तो परतला.

पुढील काळात वेग आणि शक्ती यांची मागणी वाढली. तेव्हा अनेक निर्मात्यांनी कॉकची युक्ती सोडून डेच्या झडपेकडे पुन्हा वळणे पसंत केले. फक्त आता ती पातळ पोलादी पात्यांची झाली. पोकळी झाली की पाते उचलले जाते, दाब आला की आपसूक मिटते. एका कामगाराने बाद ठरवलेली वस्तू कित्येक वर्षांनी अशी नव्या रूपात परत आली.

आमच्या स्नेह्यांच्या मोटरीत दोष होता तो येथेच. तांडेलांनी कार्ब्युरेटर उतरवला. जुन्या तेलाचा डिंकासारखा थर पात्याखाली साचून त्यात कचरा अडकला होता. पाते पुरते मिटत नव्हते. रॉकेलने ते धुतले, जाड कागदाचे नवे गॅस्केट कापून बसवले आणि २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल हे जुन्या यंत्राचे प्रमाण राखून टाकी भरली. तिसऱ्या ओढीला मोटर बोलू लागली. ज्या प्लगावर आणि कॉइलवर प्रथम आरोप झाला होता, ते दोघेही निर्दोष होते.

या जातीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या यंत्रात जळालेला धूर बाहेर जाताना काही ताजे मिश्रणही न जळता निसटते आणि तेलासह पाण्यात उतरते. म्हणूनच अमेरिकेने १९९६ साली आऊटबोर्ड यंत्रांच्या धुरावर मर्यादा घातल्या, आणि जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक मोटरी तेथे मागे पडल्या. एविनरूडच्या वारशाची कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. नाव विकत घेणाऱ्या नव्या मालकांनीही २०२० साली त्या मोटरींचे उत्पादन थांबवले. रोजच्या वाहतुकीस ही यंत्रे परत यावीत, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु निर्माता गेला तरी वस्तू उरते, आणि तिला समजून घेणारा माणूस गेला की ती खऱ्या अर्थाने मरते. आमच्या तांडेलांनी डेचे नाव ऐकले नव्हते. त्याची झडप मात्र त्यांच्या तळहाताला माहीत होती. त्यांच्या तपासणीचा क्रम आम्ही त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतला: ठिणगी, दाब, इंधन आणि शेवटी मागे येणारे वारे. ती वही स्नेह्यांच्या मुलाने मोटरीशेजारी खिळ्याला टांगून ठेवली आहे.