एकतारीमागची खरखर



गटागटांतून मोबाइलवर भरलेली गाणी आमच्याकडे येतात. जात्यावरच्या ओव्या, भजनं, गौरीची गाणी, कुणाच्या सासूबाईंची एकतारी, कुणाच्या मामंजींचं तुणतुणं. आणि त्यासोबत एक प्रश्न हमखास येतो: “ताई, पंखा बंद केला, दार लावलं, पोरं बाहेर काढली, तरी गाण्यामागं सूंऽऽ असं वाजतंय. मोबाइल बिघडलाय का?”

मोबाइल बिघडलेला नसतो. ही खरखर मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. तिला हटवायला माणसांनी काय काय केलं, ते आज सांगतो, कारण त्यातूनच आपल्याला काय करायचं ते कळतं.

एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारं यंत्र केलं. आपल्या देशात १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीचे लोक आले आणि गौहरजान त्यांच्या कर्ण्यापुढे गायल्या. बरेच मोठे उस्ताद त्या कर्ण्याला बिचकत होते, तेव्हा पुढे आल्या त्या बायकाच, हेही ध्यानात असू द्या. तेव्हा माइक नव्हता, वीज नव्हती. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणात खाच पडायची. हळू वाजणाऱ्या तारेचा जोर त्या सुईपर्यंत पोचायचाच नाही.

बाजारात यायची ती तबकडी लाखेची. आपल्या लाखेच्या बांगड्यांची तीच लाख. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळत, म्हणजे तबकडी कडक व्हायची आणि पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हायची. पण पुडीवरून सुई चालली की गाण्यामागे सतत खर्रर्र. शेजारच्या घरात तव्यावर काहीतरी तडतडतंय आणि आपण भिंतीआडून गाणं ऐकतोय, असं.

१९२५ च्या सुमाराला विजेवरचा माइक आला आणि हळू आवाजही पकडता येऊ लागला. मग जर्मनीत फीत आली. फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या माणसाने १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवली. पुढे प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या गंजाच्याच जातीची तांबूस पूड लावू लागले. त्या पुडीचा एकेक कण म्हणजे इवलासा लोहचुंबक. आवाज भरला की कण ओळीने वळतात. पण असे असंख्य कण, सगळे कसे नीट वळणार? प्रत्येकाची थोडी थोडी कुजबुज उरते आणि सगळ्यांची मिळून सूंऽऽ होते. रिकाम्या परातीत रवा ओतताना होतो ना, तसा आवाज. एकेका कणाचा वेगळा ऐकू येत नाही, सगळ्यांचा मिळून येतो.

१९४० मध्ये तिथल्याच वॉल्टर वेबरने पाहिलं की आवाजासोबत, माणसाच्या कानाला ऐकू न येणारा फार बारीक कंप फितीला दिला तर खरखर एकदम उतरते. हा शोध त्याला यंत्रातल्या बिघाडामुळे लागला. तरी थोडी खरखर राहिलीच. मोठ्या वाद्यवृंदात ती झाकून जायची. एकच तार हळू वाजली की वर यायची.

आता पुढची गोष्ट आपल्या देशातली आहे. रे डॉल्बी हा अमेरिकन तरुण इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून भारतात होता. चंदिगडला शास्त्रीय उपकरणांची सरकारी प्रयोगशाळा उभी राहत होती, तिथे त्याचं काम. फितीच्या खरखरीवरचा उपाय त्याला इथे असतानाच सुचला. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने स्वतःची कंपनी काढली. सिनेमाच्या पडद्यावर आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर “डॉल्बी” असं वाचलंय ना, ते नाव त्याचं. (लग्नाच्या वरातीत भिंती हादरवणाऱ्या पेट्यांनाही आपल्याकडे डॉल्बीच म्हणतात. ज्याने आयुष्य नको असलेला आवाज कमी करण्यात घातलं, त्याच्या नावाचं हे असं झालं.)

त्याची युक्ती आपल्या बायांना लगेच कळेल. ओढ्याला गुडघाभर पाणी आहे. मोठी माणसं चालत पार होतात, लहान पोर बुडेल. मग आपण काय करतो? पोराला कडेवर घेतो आणि पलीकडे गेल्यावर खाली ठेवतो. डॉल्बीने तेच केलं. मोठ्या आवाजांना हात लावला नाही. हळू आवाज तेवढे फितीवर भरतानाच उचलून मोठे केले. ऐकवताना ते जितके उचलले होते तितकेच खाली आणले, आणि ते खाली येताना खरखरही त्यांच्यासोबत खाली बसली. १९६६ मध्ये लंडनच्या डेक्का कंपनीने हे यंत्र पहिल्यांदा घेतलं.

यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. पोराला ओढ्यात उतरायच्या आधी उचलावं लागतं. बुडाल्यावर उचलून उपयोग नाही.

१९६३ मध्ये कॅसेट निघाली. स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळायची, कॅसेटची पाच सेंटिमीटरसुद्धा नाही, आणि रुंदीला ती चार मिलिमीटरहून कमी. फीत जितकी अरुंद आणि सावकाश, तितकी खरखर जास्त. म्हणून १९६८ मध्ये डॉल्बीने घरगुती यंत्रांसाठी साधी, स्वस्त पद्धत काढली. पण साध्या टेपरेकॉर्डरमध्ये ती नसायची. आपल्या घरांतल्या कॅसेटी आठवा: भजनं, भीमगीतं, लग्नातली गाणी, सगळी त्या सूंऽऽसकट ऐकली आणि प्रेमाने ऐकली.

मोबाइलमध्ये फीत नाही, मग खरखर कुठून येते? माइकचा छोटा तुकडा आणि त्याचा आवाज वाढवणारा भाग, यांचा स्वतःचा थोडा आवाज असतोच. एकतारी लांब असली की मोबाइल आपोआप आवाज वाढवतो आणि सोबत ही सूंऽऽही वाढते. म्हणून दोन शब्दांमध्ये गाणारी थांबली की ती फुगून वर येते.

यावर आजकाल सगळ्या जणी एकच उपाय सांगतात, खरखर काढणारं ॲप. आमचं मत वेगळं आहे. ही ॲप सहसा माणसाचं बोलणं ओळखून ठेवायला बनवलेली असतात, आणि सतत, एकसारखं वाजणाऱ्या आवाजाला ती गोंगाट समजतात. पण एकतारीचा सूर सतत एकसारखाच वाजतो! जात्याची घरघरही तशीच. एका गटाच्या गाण्यातून ॲपने खरखर काढली आणि एकतारीही नेली. उरला तो आजींचा आवाज, तोही पाण्याखालून आल्यासारखा. ओवी जात्याच्या फेऱ्यावर बांधलेली असते. जातं काढलं तर ओवी कशाच्या आधाराने चालायची? हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार बेल यांनी बऱ्याच बायकांचे आवाजही भरून ठेवले. त्यातल्या काही बाया आता हयात नाहीत. अशा वेळी घरघर हा गोंगाट की गाणं, हे यंत्रावर सोडता येत नाही.

तेव्हा पोराला आधीच कडेवर घ्या. मोबाइल वाद्याच्या जवळ न्या, हातभर अंतरावर, तारेच्या समोर नको, जरा तिरका. अंतर निम्मं केलं की वाद्याचा आवाज माइकवर साधारण दुपटीने पडतो, मग मोबाइलला स्वतःहून वाढवावं लागत नाही. गाणारी आणि एकतारी यांत एकतारी हळू, म्हणून मोबाइल तिच्या बाजूला सरकवा. मोबाइल टेबलावर किंवा पत्र्यावर ठेवू नका, खाली घडी घातलेली गोधडी घाला. धान्याच्या पोत्यांची खोली सगळ्यात चांगली, तिथे आवाज घुमत नाही. पण पोती आणि गोधड्या खोलीचा घुमारा कमी करतात, यंत्राची सूंऽऽ नाही. तिला जवळ जाणं हाच उपाय. पंखा, फ्रिज आणि गुणगुणणारी ट्यूब बंद करा. फोन येणार नाही अशी सोय करा.

गाणं सुरू होण्याआधी दहा सेकंद कुणी बोलू नका, नुसती खोली भरू द्या. पुढे कुणी जाणत्याने कॉम्प्युटरवर थोडी खरखर कमी करायची ठरवली, तर ती कोणती हे त्या दहा सेकंदांवरून ओळखता येते. मूळ गाणं मात्र हात न लावता वेगळं ठेवा. आणि गाणं संपल्यावर गाणारीने आपलं नाव आणि गाव सांगावं. गौहरजानसुद्धा शेवटी स्वतःचं नाव सांगत, कारण तबकडी तयार व्हायची जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना ती कुणाची हे कळायचं ते त्या नावावरूनच.